शरीरात सोडायचे सूक्ष्म रोबोट: कोल्हापुरातले रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. तपासणी होते, औषधं लिहून होतात, आणि उठता उठता नातेवाईक मोबाइल पुढे करतात. पडद्यावर रक्तवाहिनीतून पोहत जाणारा, पंजे असलेला चकचकीत रोबोट. "हे आपल्याकडं मिळतं का ओ डॉक्टर?" विचारणारे गडहिंग्लजचे असतात, राधानगरीचे असतात, निपाणीकडूनही येतात. बहुतेकांच्या घरी कुणीतरी बरेच दिवस आजारी असतं, म्हणून हा प्रश्न घाईत उडवून लावावा असं मला कधीच वाटलं नाही. मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर. रोबोट बनवत नाही, पण गिळायच्या कॅमेऱ्याचं काम माझ्या हातचं आहे आणि या संशोधनाकडे माझं बारीक लक्ष असतं. प्रश्न जसे कानावर पडले तसेच खाली ठेवले आहेत.

ह्यो रोबोट म्हणजे नेमकं काय? हातपाय, डोळे असतात का त्याला?

नसतात. मोबाइलवर दिसतो तो पंजेवाला रोबोट संगणकावर काढलेलं चित्र आहे. प्रयोगशाळेतला खरा सूक्ष्म रोबोट म्हणजे पीळ असलेली एक काडी, जेलचा बारीक गोळा, मऊ रबरी पट्टी, किंवा औषधाचे कण अंगावर चिकटवलेली एखादी जिवंत पेशी. बहुतेकांना स्वतःची अक्कल नसते. त्यांना चालवणारं यंत्र आणि माणूस शरीराबाहेर असतो. तरीही रोबोट म्हणायचं, कारण बाहेरून दिलेल्या हुकमाप्रमाणे तो जागा बदलतो आणि नेमून दिलेलं काम करतो: औषध सोडणं, गुठळी विरघळवणं, नमुना घेणं.

मग किती बारीक असतो?

सगळे एका मापाचे नाहीत. गिळायची कॅमेरा-कॅप्सूल 26 मिलिमीटर लांब आणि 11 मिलिमीटर जाड असते. त्याखाली एक-दोन मिलिमीटरचे गोळे आणि पट्ट्या. आणि खरे सूक्ष्म रोबोट मायक्रोमीटरमध्ये मोजायचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आपला केस 50 ते 100 मायक्रोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी 7-8 मायक्रोमीटरची. हृदयातून निघणारी महाधमनी साधारण अडीच सेंटिमीटर रुंद आणि शेवटची केशवाहिनी 5 ते 10 मायक्रोमीटरची. त्यामुळे रोबोट कुठवर जाऊ शकेल हे त्याच्या मापावरच ठरतं. मिलिमीटरचा गोळा मेंदूच्या मोठ्या धमनीपर्यंत जाईल, केशवाहिनीत शिरणार नाही.

ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली?

29 डिसेंबर 1959 रोजी अमेरिकेत कॅल्टेक या संस्थेत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाचं एक भाषण झालं. वस्तू किती लहान करता येतील, हा विषय. त्यात त्यांनी आपले मित्र अल्बर्ट हिब्ज यांची कल्पना सांगितली: रुग्णाने सर्जनच गिळावा, त्या यंत्राने रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत जावं आणि बिघडलेली झडप दुरुस्त करावी. बोलायला सोपी गोष्ट. तिथवर पोचायचा रस्ता मात्र तेव्हापासून चालूच आहे.

एवढ्याशा रोबोटात बॅटरी कुठं बसवत्यात? चालतो कशावर?

सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वात आवडतो, कारण सगळी गंमत आणि सगळी अडचण इथेच आहे.

बॅटरी नसतेच. त्या मापाची कामाची बॅटरी आज बनत नाही. पण ऊर्जा मिळाली तरी पोहायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. पंचगंगेत पोहणारं पोरगं हात मारायचं थांबलं तरी आधीच्या जोरावर थोडं पुढे सरकतं. सूक्ष्म वस्तूच्या नशिबी हे नाही. तिच्या मापाला पाणी इतकं चिकट लागतं, की गुऱ्हाळावरच्या गार झालेल्या काकवीच्या पिंपात माणसाला टाकून पोहायला सांगावं तशी गत होते. जोर लावणं थांबलं की त्याच क्षणी हालचाल थांबते.

हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी 1977 मध्ये छापलेल्या एका भाषणात याचा फार सुंदर उलगडा केला. (ज्या शोधावर पुढे एमआरआय उभं राहिलं त्यासाठी 1952 चं नोबेल मिळालेले हेच ते पर्सेल.) ते म्हणतात, शिंपल्यासारखी फक्त उघड-मीट करणारी वस्तू अशा जगात जितकी पुढे जाईल तितकीच मागे येईल. म्हणजे वल्हं पुढे-मागे मारून काही उपयोग नाही. मग जंतू कसे पोहतात? आपल्या आतड्यातला ई. कोलाय जंतू आपलं पीळदार शेपूट गरागरा फिरवतो. फिरणारा पीळ गेला तसाच परत येत नाही, म्हणून तो पुढे सरकतो.

संशोधकांनी हाच मार्ग धरला. 2009 मध्ये दोन गटांनी असे कृत्रिम पीळ चालवून दाखवले. एक झुरिकच्या ईटीएच संस्थेतला ब्रॅडली नेल्सन यांचा गट. दुसरा हार्वर्डमधला, पीअर फिशर आणि अंबरीश घोष यांचा. त्यांचा काचेचा पीळ एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा होता, आणि घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. अशा पिळावर चुंबकी धातूचा थर देतात आणि बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावतात. क्षेत्र फिरलं की पीळ फिरतो, पीळ फिरला की रोबोट पुढे जातो. उसाला पाणी पाजायला थ्री फेजची मोटर चालवणाऱ्याला हे नवं नाही. त्या मोटरीतही फिरतं चुंबकीय क्षेत्रच रोटरला ओढत नेतं.

चुंबकाशिवाय ध्वनिलहरी वापरतात, रासायनिक क्रियाही वापरतात. 2015 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या संशोधकांनी जस्त वापरलेले सूक्ष्म रोबोट जिवंत उंदराच्या पोटात सोडले. पोटातलं आम्ल आणि जस्त यांच्या क्रियेतून हायड्रोजनचे बुडबुडे निघाले आणि त्या धक्क्याने ते जठराच्या अस्तरापर्यंत गेले. इंधन पोटातलंच!

एवढं सगळं जमतंय, तर माणसात का वापरत न्हाईत?

माझ्या मते सर्वात मोठा अडसर अंतराचा आहे. चुंबकापासूनचं अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. उंदराचं पोट चुंबकापासून बोटभर लांब असतं, माणसाचं यकृत किंवा मेंदूचा मधला भाग कितीतरी आत. त्यात रोबोटचं माप निम्मं केलं की त्याला ओढणारं बलही आठव्या हिश्श्यावर उतरतं. म्हणजे जितका लहान कराल तितका तो हातातून सुटतो.

दुसरं, रक्ताचा जोर. मोठ्या धमनीत रक्त सेकंदाला तीस-चाळीस सेंटिमीटर वेगाने धावतं. त्यात मायक्रोमीटरचा पीळ उलट दिशेने पोहूच शकत नाही, वाहून जातो. तिसरं, एक सूक्ष्म रोबोट नेऊन नेणार किती औषध? गाठीला पुरेल एवढा डोस द्यायचा तर लाखोंची फौज लागते, आणि फौज एकत्र हाकणं एकट्याला हाकण्यापेक्षा अवघड. चौथं, आपली प्रतिकारशक्ती. यकृत आणि प्लीहा यांतल्या पेशी रक्तातले परके कण गिळूनच टाकतात.

आणि आत तो कुठे आहे हे दिसायला हवं. क्ष-किरण, सोनोग्राफी, एमआरआय यांपैकी काहीतरी सतत चालू ठेवावं लागतं. क्ष-किरणांचा डोस वाढतो. सोनोग्राफी हाडापलीकडे नीट पाहत नाही. एमआरआयचं स्वतःचं चुंबक इतकं प्रबळ, 1.5 ते 3 टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप), की त्याच्या आत दुसरं हलकं फिरतं क्षेत्र चालवणं अवघड.

काहींनी एमआरआय यंत्रालाच ढकलायला लावलं. 2007 मध्ये माँट्रियलच्या सिल्व्हँ मार्टेल यांच्या गटाने जिवंत डुकराच्या मानेतल्या धमनीत दीड मिलिमीटरचा लोखंडी गोळा एमआरआय यंत्राच्याच साहाय्याने हवा तिथे नेऊन दाखवला.

आज, या घडीला, कोल्हापुरात मला यातलं काय मिळतं?

कॅप्सूल एंडोस्कोपी. काटेकोर बोलायचं तर ती रोबोट नाही, कारण आतड्याच्या नेहमीच्या हालचालीने ती आपोआप पुढे सरकते. तिला कुणी चालवत नाही. पण शरीरात एकटं जाणारं, आपल्याजवळचं छोटं यंत्र म्हणाल तर तेच. इस्रायलचे अभियंता गॅव्रिएल इद्दान यांची ही कल्पना. अमेरिकेत 2001 मध्ये तिला मान्यता मिळाली. पोटाचे विकार पाहणाऱ्या मोठ्या केंद्रांत विचारा, सोय नसेल तर कुठे आहे ते सांगतील.

ती कुणाला लागते? नेहमीचं उदाहरण सांगतो. साठीची एखादी मावशी, हिमोग्लोबिन सहा-सातवर घसरलेलं, रक्त चढवलं की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. तोंडातून दुर्बीण झाली, खालून झाली, काहीच सापडलं नाही. मधलं लहान आतडं राहतं, आणि ते साधारण सहा मीटर लांब. साध्या दुर्बिणी तिथे पूर्ण पोचत नाहीत.

आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं, पोट साफ करायचं औषध घ्यायचं. सकाळी कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधतात. कॅप्सूलच्या डबीत एक चुंबक असतं. त्यापासून कॅप्सूल उचलली की तिचा दिवा लुकलुकायला लागतो. मावशी आधी बिचकतात, हे एवढं मोठं गळ्याखाली उतरंल का म्हणून. चार ग्रॅमपेक्षाही कमी वजनाची ती गुळगुळीत गोळी घोटभर पाण्याबरोबर सहज जाते. पडद्यावर दात दिसतात, जीभ दिसते, अन्ननलिका सर्रकन मागे पडते आणि जठर येतं. मग त्या उठून बाहेर जाऊन बसतात. साधारण दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं खाणं. आठ-दहा तास कॅमेरा चालू राहतो, पन्नास हजारांच्या आसपास चित्रं जमतात.

ती चित्रं बघणं हे माझं काम. तासभर तरी एका जागी बसून, डोळा न हलवता. लहान आतड्याचं अस्तर पाण्यात अगदी हळू डुलत असतं, बारीक बोटांसारखे उंचवटे असतात त्यावर, आणि त्यात मध्येच मिरीएवढा लाल ठिपका येतो. फुगलेली, नाजूक झालेली रक्तवाहिनी. पुढच्याच चित्रांत बाजूच्या पाण्याला गुलाबी रंग. महिनोन् महिने रक्त कुठे जात होतं ते तिथे समजतं. कधी ठिपक्याऐवजी व्रण निघतात. गुडघ्यासाठी दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांचे. कधी अस्तराला चिकटून रक्त पिणारे आकडेकृमी. त्याला एक स्वस्त गोळी पुरते. अनवाणी शेतात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कॅप्सूल आत अडकली तर?

बहुतेकांची एक-दोन दिवसांत शौचावाटे पडून जाते, परत द्यायची नसते, एकदाच वापरायची असते. अडकण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. पण आतडं आधीच अरुंद झालं असेल, क्रोन्सचा आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा) असेल किंवा आतड्याचा टीबी झालेला असेल, तर धोका वाढतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी कमी नाही, म्हणून मी हा इतिहास खोदून विचारतो. पूर्वी टीबीची औषधं घेतली असतील, जेवल्यावर पोट फुगून कळा येत असतील, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर न विचारता सांगा. शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देता येते किंवा स्कॅन करतात. आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही, हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

ही गिळली की दुर्बीण टळली का?

नाही. कॅप्सूल फक्त बघते. तुकडा काढून तपासायला देणं, रक्तस्राव थांबवणं, गाठ कापणं हे तिला जमत नाही. जठर आणि मोठ्या आतड्यासाठी आजही साधी दुर्बीणच पहिली. बाहेरच्या चुंबकाने जठरात फिरवता येणाऱ्या कॅप्सूल निघाल्या आहेत, चीनमध्ये त्यांचा वापर बराच आहे आणि अमेरिकेतही 2020 मध्ये एकीला मान्यता मिळाली. खऱ्या अर्थाने चालवता येणारी आणि दवाखान्यात पोचलेली गोष्ट म्हणाल तर ती हीच.

रोबोटिक सर्जरीची पाटी बघितली. तेच का हे?

नाही. त्यात रोबोट माणसाएवढा मोठा असतो, त्याचे हात पोटावरच्या लहान छिद्रांतून आत जातात आणि सर्जन शेजारी बसून ते चालवतो. दा विंची नावाच्या यंत्राला अमेरिकेत 2000 मध्ये मान्यता मिळाली. भारतात गुरुग्राममध्ये तयार झालेलं एसएसआय मंत्रा आहे. ऑपरेशन ते ऑपरेशनच.

वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय. डोक्यातली गुठळी रोबोट काढंल का?

संशोधन सर्वात पुढे आहे ते इथेच, आणि गैरसमज सर्वात महागात पडतो तोही इथेच, म्हणून सविस्तर सांगतो.

ईटीएच झुरिकच्या गटाने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सायन्स या नियतकालिकात आपलं काम छापलं. त्यांचा रोबोट म्हणजे जेलची गोल कॅप्सूल. त्यात लोह ऑक्साइडचे नॅनोकण असतात, म्हणजे चुंबक तिला ओढू शकतं, आणि टँटलम या धातूचे कण असतात, म्हणजे ती क्ष-किरणांत दिसते. सोबत गुठळी विरघळवणारं औषध. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत घालायच्या लांब बारीक नळीने, तिला धमनीत सोडतात, चुंबकांनी फाट्याफाट्यावर वळवतात. कधी भिंतीला धरून लोळवत, कधी प्रवाहाबरोबर नेमक्या फांदीत. जागेवर पोचली की वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने कण तापवतात, जेल विरघळतं आणि औषध तिथेच सुटतं. डुकरं आणि मेंढी यांच्यात हे करून दाखवलं आहे. मला यात सर्वात मोल वाटतं ते याचं, की त्यांनी दवाखान्यात आधीच असलेली क्ष-किरण यंत्रणा आणि कॅथेटर धरून सगळं बांधलं. माणसावरच्या चाचण्या मात्र पुढेच आहेत.

आज वारं गेलेल्या माणसासाठी जे आहे ते घड्याळावर चालतं. लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. मोठी धमनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत कॅथेटरने गुठळी ओढून काढता येते. तोंड वाकडं झालं, हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यांपैकी एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. झाडपाल्याच्या औषधासाठी आधी भलत्या गावाला नेऊन मग दुसऱ्या दिवशी आणलेला धडधाकट माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, तेव्हा फार वाईट वाटतं. वेळेत आणलं असतं तर आजच्याच औषधाने फरक पडला असता.

कॅन्सरवर तरी आलाय का?

उंदरांत आशा वाटावी असं काम झालं आहे. 2018 मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी डीएनएची घडी घालून केलेली नळी उंदरांना टोचली. गाठीच्या रक्तवाहिन्यांवरचं एक प्रथिन ओळखून ती उघडते आणि आतलं थ्रॉम्बिन रक्त गोठवतं, गाठीचा रक्तपुरवठा तुटतो. त्याआधी 2016 मध्ये मार्टेल यांच्या गटाने चुंबकाच्या दिशेने पोहणारे जंतू औषध लादून उंदरातल्या गाठीत शिरवले. गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी असतो, आणि या जंतूंना तसंच आवडतं.

माणसासाठी अजून काही नाही. मात्र औषध थेट गाठीपाशी नेण्याचं तत्त्व आजच्या उपचारांत आहे. यकृताच्या काही गाठींत कॅथेटरने रक्तवाहिनीतून जाऊन तिथेच केमो सोडतात. रोबोट येईल म्हणून ऑपरेशन किंवा केमो पुढे ढकलणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, थांबू नका. गाठ कुणासाठी थांबत नाही.

शेवाळाचा रोबोट असतोय म्हणं?

असतो, आणि मला तो फार आवडतो. सॅन डिएगोच्याच संशोधकांनी 2022 मध्ये एक हिरवं एकपेशीय शेवाळ घेतलं. ते स्वतःच्या दोन शेपट्यांनी पोहतं. त्याच्या अंगावर प्रतिजैविक भरलेले नॅनोकण चिकटवले, आणि त्या कणांना पांढऱ्या पेशींचं आवरण दिलं. जीवघेणा न्यूमोनिया असलेल्या उंदरांच्या श्वासनलिकेतून ते फुप्फुसांत सोडलं. उपचार न मिळालेले उंदीर तीन दिवसांत मेले, उपचार मिळालेले सगळे महिन्यानंतरही जिवंत होते. शिरेतून द्यावं लागलं असतं त्याच्या हजारो पट कमी औषधात हे साधलं. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया किती चिवट असतो हे आयसीयूबाहेर बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला माहीत आहे.

मुतखड्यावर?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात चुंबकाने सरकवता येणाऱ्या मऊ पट्ट्या तयार झाल्या आहेत. त्यातलं युरीएज हे विकर (एन्झाइम) लघवीची आम्लता कमी करतं आणि युरिक आम्लाचा खडा झिजतो. प्रयोग मूत्रमार्गाच्या छापील प्रतिकृतीत झाला. पण बहुतेकांचे खडे कॅल्शियमचे असतात, त्यांच्यावर ही युक्ती चालत नाही. खडा पडला किंवा काढला, की तपासायला द्या. तो कशाचा हे समजल्याशिवाय पुढचं पथ्य ठरत नाही.

भारतात कोण करतंय का हे काम?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. 2022 मध्ये तिथल्या गटाने रूट कॅनॉलसाठी नॅनोरोबोट दाखवले. दाताच्या आत हजारो बारीक नळ्या असतात, त्यात जंतू दडून राहतात, म्हणून रूट कॅनॉल करूनही काही दात पुन्हा दुखतात. लोखंडाचा थर दिलेले सिलिकाचे पीळ या नळ्यांत दोन हजार मायक्रोमीटरपर्यंत आत गेले आणि तिथे तापून त्यांनी जंतू मारले. काम काढलेल्या दातांवर आणि उंदरांत झालं, आणि ते पुढे नेण्यासाठी थेरानॉटिलस ही कंपनीही निघाली. दात बाहेरून जवळ असतो, चुंबकाला अंतर पडत नाही. सुरुवात दातापासून करणं मला शहाणपणाचं वाटतं.

काम झाल्यावर ते आतच राहतात का?

कशाचे आहेत त्यावर. जस्ताचे पोटातल्या आम्लात विरघळतात. जेल विरघळतं. लोह ऑक्साइडचे कण यकृतात जातात आणि त्यातलं लोह शरीर वापरतं. मात्र निकेल, कोबाल्टसारखे धातू प्रयोगशाळेत सोयीचे असले तरी शरीराला घातक. माणसात जाणारा रोबोट अशा धातूंशिवाय करणं, नाही तर त्यांना पक्कं झाकणं, याला पर्याय नाही.

लशीतून चिप सोडतात, ती हीच का?

नाही. लशीत चिप नसते. संगणक असलेला, स्वतः ठरवणारा सर्वात लहान रोबोट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन विद्यापीठांनी 2025 मध्ये दाखवला. 200 बाय 300 मायक्रोमीटरचा. तो पाण्यात, वरून दिवा लावला तरच चालतो. शरीराच्या आतल्या अंधारात तो मिटलेलाच राहील. लेकराचं लसीकरण या भीतीने चुकवू नका.

रोबोट थेरपी देतो म्हणून पैसे मागितले तर?

देऊ नका. भारतात नव्या उपचाराची माणसावर चाचणी करायची तर तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात करावी लागते. 2009 पासून ती सक्तीची आहे आणि कुणालाही मोबाइलवर फुकट पाहता येते. नीतिसमितीची मंजुरी लागते, समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. प्रयोगाच्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे उकळणं हीच धोक्याची खूण. नोंदणी क्रमांक विचारा. देत नसतील तर उठून या. आणि शंका आली तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कागद दाखवा. विचारण्यात कमीपणा कसला?

पोरीला यात काम करायचं आहे. बारावीनंतर काय घ्यावं?

दार एकच नाही. यंत्र अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, कुठूनही येता येतं, कारण एकट्या विषयाचं हे काम नाही. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं शिक्षण मिळतं. पुढे भारतीय विज्ञान संस्था किंवा आयआयटी. पण बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आपलं शहर कामाला योग्य आहे. उद्यमनगरात लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून काम करणारे कारागीर आहेत, मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत. प्रयोगशाळेतली चुंबकी यंत्रणा मुळात तांब्याच्या तारेच्या कॉइलच्या जोड्याच असतात. दोन सारख्या गोल कॉइल त्रिज्येएवढ्या अंतरावर समोरासमोर ठेवल्या की मध्ये एकसारखं क्षेत्र मिळतं. अशा दोन जोड्या काटकोनात ठेवून त्यांच्या प्रवाहात पाव फेरीचा फरक ठेवला की क्षेत्र फिरू लागतं.

त्याहून सोपी सुरुवात हवी असेल तर काचेच्या ग्लासात ग्लिसरीन घ्या, बारीक तारेचा सेंटिमीटरभर पीळ करा, त्याच्या टोकाला चुंबकाचा छोटा तुकडा असा चिकटवा की त्याचे ध्रुव पिळाला आडवे येतील, आणि ग्लासाशेजारी दुसरं चुंबक फिरवा. पीळ पुढे जातो. उलट फिरवलं की मागे येतो. तारेची जाडी आणि पिळाचं अंतर बदलून वेग मोजायला तिला सांगा, वहीत लिहायला सांगा, मग पर्सेल यांचं ते भाषण वाचायला द्या. घरात लहान भावंड असेल तर मात्र चुंबकं मोजून ठेवा आणि कुलपात ठेवा. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना आतून चिमटा बसतो आणि भोक पडतं. तसं काही झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता त्याच तासाला हॉस्पिटलला आणा.